मतपेटी आणि ज्यूरीची खोली

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षपदासाठीं उभें राहूं इच्छिणाऱ्या माणसाला मूळ राज्यघटनेनें तीनच अटी घातल्या आहेत. तो जन्मानें त्या देशाचा नागरिक असावा, त्याचें वय निदान ३५ वर्षांचें असावें, आणि त्यानें १४ वर्षें त्या देशांत वास्तव्य केलेलें असावें. त्याच्यावर खटला चालू नसावा, त्याला शिक्षा झालेली नसावी, किंबहुना निवडणुकीच्या दिवशीं तो तुरुंगांत नसावा, असें घटनाकारांनीं कोठेंहि लिहून ठेविलें नाहीं. ही निवड मतदारांनींच करावी म्हणून त्यांनीं जागा मुद्दाम मोकळी सोडली, कीं असा प्रसंग येईल हें त्यांच्या स्वप्नांतहि आलें नाहीं, यावर पंडितांचा काथ्याकूट चालतो. आपणांस त्यांत शिरण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यानें दोन वर्षें वा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या माणसाला उमेदवारीचें दारच बंद केलें आहे. खटला चालू असेपर्यंत आपल्या मतदारानें काय तो विचार करावा. एकदां शिक्षा झाली कीं विचार करण्याची तसदी कायदाच घेतो. अमेरिकन मतदाराला ती सवलत नाहीं. २०२४ सालीं घटनेंतील ही मोकळी जागा कोट्यवधि मतदारांच्या पुढ्यांत येऊन उभी राहिली, आणि तेथील घराघरांतून त्या वर्षीं जो वाद माजला तो अजूनहि पुरता शमलेला नाहीं.

प्रसंग आला तो डोनाल्ड ट्रंप यांच्या उमेदवारीमुळें. हे गृहस्थ २०१७ पासून २०२१ पर्यंत अध्यक्ष होते. २०२० ची निवडणूक ते हरले, आणि आपण हरलोंच नाहीं असें प्रतिपादन त्यांनीं पुढेंहि चालू ठेविलें. २०२४ साठीं ते पुन्हां उभे राहिले, आणि २०२३ च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत त्यांच्यावर चार ठिकाणीं चार फौजदारी आरोपपत्रें दाखल झालीं. न्यूयॉर्कमध्यें धंद्याच्या हिशेबांत खोट्या नोंदी केल्याचें. फ्लोरिडांत पद सोडल्यावर सरकारी गुप्त कागद स्वतःजवळ ठेवल्याचें. वॉशिंग्टनमध्यें २०२० च्या निवडणुकीचा निकाल उलटविण्याच्या कटाचें. आणि जॉर्जियांत त्याच कारस्थानाच्या त्या संस्थानापुरत्या भागाचें. माजी अध्यक्ष फौजदारी आरोपी म्हणून कोर्टापुढें उभा राहण्याची त्या देशाच्या इतिहासांतील ही पहिलीच वेळ.

या चोहोंत वजनानें हलका कोणता, असें विचारलें तर ट्रंप यांचे कट्टर विरोधकहि बहुधा न्यूयॉर्कच्याच खटल्याकडे बोट दाखवितील. आणि नेमका तोच एक ज्यूरीपुढें पोंचला. वॉशिंग्टनच्या खटल्याची सुनावणी ४ मार्च २०२४ ला सुरू व्हावयाची होती. पण अध्यक्षाला पदावरील कृत्यांबद्दल फौजदारी कायद्यापासून अभय आहे कीं नाहीं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, आणि पुष्कळ अंशीं आहे असा निर्णय सहा विरुद्ध तीन मतांनीं १ जुलैला लागला. तोंपर्यंत उन्हाळा उजाडला होता आणि निवडणूक चार महिन्यांवर आली होती. फ्लोरिडांत खास सरकारी वकिलाची नेमणूकच घटनेस धरून नाहीं असें ठरवून न्यायाधीशबाईंनीं १५ जुलैला खटला काढून टाकला. जॉर्जियांत सरकारी वकीलबाई आणि त्यांनींच नेमलेला एक सहकारी यांच्या खाजगी संबंधाचा प्रश्न निघून खटल्याचें गाडें जें रुतलें तें रुतलेंच. एवंच, निवडणुकींतून सत्तांतर होतें त्या व्यवस्थेवरच घाला घातला कीं नाहीं, या प्रश्नावर एकाहि ज्यूरीनें तोंड उघडलें नाहीं. आणि चेकबुकाच्या प्रश्नावर बारा जणांनीं एकमुखानें निकाल दिला. त्या साऱ्या वर्षाच्या वादांत ही विपरीत गोष्ट ध्यानांत ठेवणारे लोक थोडेच आढळले.

तो चेकबुकाचा प्रश्न तरी काय होता? २०१६ च्या निवडणुकीच्या तोंडावर ट्रंप यांच्या वकिलानें एका चित्रपट-अभिनेत्रीला १ लक्ष ३० हजार डॉलर दिले. पूर्वींच्या एका कथित संबंधाविषयीं तिनें बोलूं नये हा हेतु. (संबंध होता हें ट्रंप यांनीं नाकारलें आहे.) ट्रंप अध्यक्ष झाल्यावर २०१७ सालीं ही रक्कम, वर बरीच भर घालून, दरमहा ३५ हजारांच्या हप्त्यांनीं त्या वकिलास परत करण्यांत आली, एकूण ४ लक्ष २० हजार. वह्यांत मात्र ती कायदेशीर सल्ल्याचें मानधन म्हणून मांडली गेली. ज्या ३४ गुन्ह्यांचा जगभर डंका वाजला ते म्हणजे ११ बिलें, १२ खतावणीच्या नोंदी आणि ११ चेक; दर कागदामागें एक आरोप. न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणें हिशेबांत खोटी नोंद करणें हा स्वतंत्रपणें किरकोळ गुन्हा आहे. तीच नोंद दुसरा एखादा गुन्हा करण्याच्या किंवा झांकण्याच्या हेतूनें केलेली असेल तर तो मोठा गुन्हा होतो. येथें तो दुसरा गुन्हा म्हणजे बेकायदेशीर मार्गांनीं निवडणुकीस मदत करण्याचा कट असें सरकारपक्षाचें म्हणणें. आणि ते मार्ग नेमके कोणते, यावर बाराहि ज्यूररांचें एकमत होण्याची आवश्यकता नाहीं, असें न्यायमूर्तींनीं ज्यूरीस सांगितलें. कायदेपंडितांच्या वादाचें बीज येथें आहे, आणि तो वाद पोरकट नव्हे. ३० मे २०२४ रोजीं ज्यूरीनें ३४ च्या ३४ आरोपांवर ट्रंप यांना दोषी ठरविलें. त्यानंतरच्या चोवीस तासांत ५ कोटि २८ लक्ष डॉलर वर्गणी जमल्याचें त्यांच्या प्रचारकचेरीनें जाहीर केलें!

न्यू जर्सी संस्थानांत एडिसन व त्याच्या आसपासच्या गांवीं मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं आमच्या परिचयाच्या एका घरांत त्या उन्हाळ्यांत झालेला संवाद आमच्या कानीं आला. सासरे १९७० नंतरच्या दशकांत तिकडे गेलेले इंजिनिअर, आतां निवृत्त. सून एका कंपनींत हिशेबतपासनीस. सासरे ट्रंप यांच्या बाजूचे, सून विरुद्ध. मुलगा दोघांचेंहि ऐकून घेतो आणि वाद रंगांत आला कीं भांडीं विसळावयास उठतो, असें कळतें.

"चौतीस गुन्हे, चौतीस गुन्हे म्हणून काय ओरड चालली आहे!" सासरे म्हणाले. "व्यवहार एक, आणि त्याचे तुकडे चौतीस केले."

"बाबा, माझ्या ऑफिसांत मीं एका बिलावर खोटें कारण लिहिलें तर दुसऱ्या दिवशीं मला घरीं बसावें लागेल," सून म्हणाली. "आणि महिन्यामागून महिने तेंच लिहिलें, तर मी एकदांच चुकलें असें तुम्ही म्हणाल का?"

"घरीं बसावें लागेल, कबूल. पण फौजदारी होईल का, तें सांग. आणि खटला भरणारा वकील विरुद्ध पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला! अगं, ज्या मॅनहॅटनमध्यें मागच्या निवडणुकींत शंभरांतल्या बारांनीं त्याला मत दिलें, तेथलेच बारा जण आणून बसवायचे आणि न्याय झाला म्हणायचें?"

"मग खटला चालवायचा कोठें? गुन्हा घडला तेथेंच ना? आणि त्यांच्याच वकिलांनीं प्रश्न विचारविचारून ते बारा जण पारखून घेतले होते, हें विसरूं नका."

"तुमचे खटले राहूं द्यात," इतका वेळ गप्प असलेल्या सासूबाई म्हणाल्या. "वाणसामानाचें बिल चार वर्षांत कुठल्या कुठें गेलें, त्याविषयीं कोणी बोलतंय का?"

यावर सासऱ्यांनीं हातचें हुकमाचें पान टाकलें. "लोकमान्यांना शिक्षा झाली नव्हती? दोनदां झाली! म्हणून ते गुन्हेगार झाले का आमच्या लेखीं?" सून निरुत्तर झाली म्हणतात.

वास्तविक निरुत्तर होण्याचें कारण नव्हतें. २२ जुलै १९०८ रोजीं मुंबईच्या हायकोर्टांत टिळकांना ज्या ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरविलें, तींत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षांची शिक्षा दिली ती आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेथें कृत्याविषयीं वाद नव्हता. लेख 'केसरी'त उघड छापलेले होते, आणि त्यांची जबाबदारी टिळकांनीं झटकली नाहीं; ते राजद्रोहाचे नव्हेत, एवढेंच त्यांचें म्हणणें. लोकांनीं टिळकांना मानलें तें शिक्षा झाली असूनहि नव्हे. ज्या लेखांबद्दल शिक्षा झाली त्या लेखांसाठींच मानलें. शिवाय ज्या सरकारनें खटला भरला तें मतें देऊन बदलण्याची सोय त्या लोकांना नव्हती.

खुद्द अमेरिकेंत अशा माणसाचें उदाहरण आहे, आणि तें सासऱ्यांना टिळकांपेक्षांहि अधिक उपयोगी पडलें असतें. समाजवादी पक्षाचे पुढारी यूजीन डेब्स यांनीं १६ जून १९१८ रोजीं ओहायो संस्थानांतील कँटन गांवीं युद्धाविरुद्ध भाषण केलें. त्याबद्दल त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती एकमतानें कायम केली. १९२० च्या अध्यक्षीय निवडणुकींत डेब्स अटलांटाच्या तुरुंगांतून उभे राहिले. त्यांच्या अनुयायांनीं छातीवर बिल्ले लावले ते 'कैदी नंबर ९६५३' असे. नऊ लक्षांहून अधिक मतदारांनीं त्या कैद्याला मत दिलें. निवडून आले हार्डिंग. आणि त्याच हार्डिंगसाहेबांनीं १९२१ च्या नाताळांत डेब्स यांची उरलेली शिक्षा माफ करून त्यांना सोडलें. डेब्स यांनींहि आपलें भाषण नाकारलें नव्हतें. भाषण हें चारचौघांत, ऐकविण्यासाठींच केलें जातें; बिलावरचें खोटें कारण हें कोणाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून लिहिलें जातें. दोहोंना न्यायालयानें गुन्हा म्हटलें म्हणून मतदारानें दोहोंना एका तागडींत घालावें असें नाहीं. टिळकांचें नांव घेऊन सासऱ्यांनीं आपली बाजू बळकट केली नाहीं. उलट टिळकांना एका खतावणीच्या भांडणांत ओढलें.

तथापि सासऱ्यांच्या बोलण्यांत कांहींच तथ्य नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. न्यायालयानें दिलेली शिक्षा हें माणसाचें शेवटचें मोल नव्हे, आणि खटला कोणीं भरला व कां भरला हें पाहण्याचा मतदाराला पूर्ण अधिकार आहे. ज्यूररला तो नाहीं. हा भेद फार महत्त्वाचा असून त्याचें एक सुरेख दृश्य या खटल्याच्या पहिल्याच दिवशीं पाहावयास मिळालें. १५ एप्रिल २०२४ रोजीं ज्यूरीच्या निवडीसाठीं ९६ नागरिकांची पहिली तुकडी कोर्टांत आणली गेली. या आरोपीच्या बाबतींत आपण निःपक्षपाती राहूं शकणार नाहीं असें ज्यांना वाटतें त्यांनीं तसें सांगावें, असें विचारतांच पन्नासाहून अधिक हात वर झाले, आणि ते सारे लोक घरीं गेले. आम्हांस हे हात फार प्रामाणिक वाटतात. पण सहा महिन्यांनीं हेच लोक मतदानास गेले असतील, तेव्हां त्यांना हा प्रश्न कोणीं विचारला नसेल. विचारला असता तर तो त्यांचा अपमान झाला असता. ज्या आवडीनिवडीमुळें माणूस ज्यूरीच्या बाकावर बसण्यास नालायक ठरतो, तीच आवडनिवड मांडावयास त्याला मतपत्रिका दिलेली असते.

पुढें पाहावें तर सारेच नियम उलटे. ज्यूररनें खटल्याविषयीं वर्तमानपत्र वाचावयाचें नाहीं, घरीं पतीजवळ वा पत्नीजवळ चकार शब्द काढावयाचा नाहीं. मतदारानें वाचावें, बोलावें, भांडावें अशीच अपेक्षा. आरोपी साक्षीला उभा राहिला नाहीं, आणि ट्रंप राहिले नाहींत, तर त्याच्या मौनाचा अर्थ ज्यूररनें त्याच्याविरुद्ध लावतां कामा नये. मतदार लावूं शकतो. वाजवी शंकेचा फायदा आरोपीला देणें हें ज्यूररचें कर्तव्य. मतदारानें तो द्यावा असा नियम नाहीं, न द्यावा असाहि नाहीं. शिवाय ज्यूररला एकाच माणसाविषयीं निर्णय करावयाचा असतो, आणि मतदारापुढें नेहमीं दोघे उभे असतात. म्हणून सासूबाईंच्या वाणसामानाला हंसणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें आयोवा संस्थानांत रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांना विचारलें असतां, दोषी ठरले तरीहि ट्रंप अध्यक्षपदास योग्यच, असें सुमारें दोनतृतीयांश लोकांनीं सांगितलें. म्हणजे खटला उभा राहण्याच्या आधींच त्यांनीं न्यायालयाला या प्रश्नांतून वजा केलें होतें. तसें करणें शहाणपणाचें होतें का, हा निराळा मुद्दा. त्यांच्या अधिकारांत मात्र तें निःसंशय होतें.

विरुद्ध पक्षाची चूक निराळ्या प्रकारची. आपल्याला जें काम मतदारांच्या गळीं उतरवून करावयाचें तें न्यायाधीशांनीं परस्पर करून द्यावें, अशी त्यांतील अनेकांची इच्छा दिसली. यादवी युद्धानंतर घटनेला जोडलेल्या चौदाव्या दुरुस्तींत बंडखोरांना अधिकारपद बंद केलें आहे. तिचा आधार घेऊन कोलोराडोच्या वरिष्ठ न्यायालयानें डिसेंबर २०२३ मध्यें ट्रंप यांचें नांव मतपत्रिकेवरून काढण्याचा हुकूम दिला. संस्थानांना हा अधिकार नाहीं, असें सांगून ४ मार्च २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द केला, आणि या निर्णयांत नऊहि न्यायमूर्ति एक झाले. पुढें ३० मेचा निकाल लागतांच 'गुन्हेगार' हा एक शब्द हातीं धरून प्रचार चालला. ११ बिलें, १२ नोंदी आणि ११ चेक यांच्या मागें २०२० च्या निवडणुकीचें मोठें प्रकरण झांकलें गेलें तें असें. तें प्रकरण कायद्याच्या काटेकोर कसोटीस लागून, दोन्हीं बाजूंच्या उलटतपासण्या होऊन मतदारांपुढें यावयास हवें होतें. तें न येतांच त्याचा न्याय करण्याची जबाबदारी मतदारांच्या अंगावर पडली, आणि मतपत्रिकेवर कारण लिहावयास जागा नसल्यामुळें कोणीं त्याचा न्याय केला, कोणीं वाणसामानाचा केला, कोणीं नुसता रागाचा केला, हें निवडणुकीच्या आंकड्यांवरून ओळखतां येत नाहीं.

५ नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालें. जातां जातां सांगावयाची गंमत म्हणजे दोषी ठरलेल्या उमेदवाराला स्वतःला मत देतां आलें. फ्लोरिडाचा कायदा अशा वेळीं शिक्षा देणाऱ्या संस्थानाचा नियम मानतो, आणि न्यूयॉर्कचा नियम माणूस प्रत्यक्ष तुरुंगांत असेल तरच त्याचें मत हिरावून घेतो. ट्रंप यांना ३१२ निर्वाचकमतें मिळालीं, कमला हॅरिस यांना २२६. जनतेचीं मतें शेंकडा ४९.८ आणि ४८.३, म्हणजे अंतर दीड टक्क्याचें. न्यू जर्सी हॅरिस यांच्याकडे राहिलें खरें. पण २०२० सालीं जेथें बायडन सोळा टक्क्यांनीं पुढें होते तेथें हें अंतर सहाच्या आसपास आलें. सासूबाईंनीं कोणाला मत दिलें हें त्या घरांत अद्याप कोणास कळलेलें नाहीं.

त्यानंतर खटल्यांचें काय झालें? ते निकालांत निघाले, पण त्यांचा निकाल लागला नाहीं. पदावर असलेल्या अध्यक्षावर खटला चालवावयाचा नाहीं असा न्यायखात्याचा दंडक असल्यामुळें वॉशिंग्टनचा खटला २५ नोव्हेंबर २०२४ ला सरकारपक्षानेंच मागें घेतला, आणि फ्लोरिडाच्या प्रकरणांतील ट्रंप यांच्याविरुद्धचें अपीलहि सोडून दिलें. पुरावा कच्चा होता म्हणून नव्हे, हें सरकारी वकिलानें त्या वेळीं बजावून सांगितलें. न्यूयॉर्कला १० जानेवारी २०२५ रोजीं शिक्षा सुनावण्यांत आली ती अशी, कीं दोष कायम, पण तुरुंग नाहीं, दंड नाहीं, कसलीहि अट नाहीं. ट्रंप यांनीं त्या दोषसिद्धीवर अपील केलें. जॉर्जियाचा खटला नव्या सरकारी वकिलाच्या मागणीवरून नोव्हेंबर २०२५ मध्यें काढून टाकण्यांत आला. तेव्हां निवडणुकीचा कौल म्हणजे निर्दोषित्वाचा दाखला नव्हे, हें तत्त्व आपण कितीहि घोकलें तरी व्यवहारांत कौलानेंच ते दरवाजे लावले. ट्रंप यांना मत देणाऱ्या सर्वांना हें अभिप्रेत होतें असें आम्हांस वाटत नाहीं. अनेकांना तें कळलेंहि नसावें.

एडिसनच्या त्या घरांत मात्र वाद दोन हप्त्यांत पुढें चालला. बायडन यांच्या मुलाला जून २०२४ मध्यें पिस्तुलाच्या खरेदींत खोटें लिहून दिल्याबद्दल ज्यूरीनें दोषी ठरविलें होतें, आणि आपण त्याला माफी देणार नाहीं असें बापानें जाहीर सांगितलें होतें. १ डिसेंबर २०२४ ला बापानें माफी दिली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं सासऱ्यांनीं ती बातमी सुनेच्या कपाजवळ सरकवून ठेविली. बोलले कांहीं नाहींत. तीहि बोलली नाहीं.

२० जानेवारी २०२५ ला ट्रंप यांनीं शपथ घेतली, आणि त्याच दिवशीं ६ जानेवारी २०२१ च्या संसदभवनावरील हल्ल्यांतील सुमारें १५०० लोकांना माफी दिली. या वेळीं बातमी पुढें ठेवण्याची पाळी सुनेची होती. सासऱ्यांनीं चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.

"पोलिसांना मारहाण करणाऱ्यांनाहि?" त्यांनीं विचारलें.

"हो बाबा, त्यांनाहि," सून म्हणाली, आणि त्यांच्या कपांत आणखी थोडा चहा ओतला.